आसकंदाला आवतण

आंबादास आप्पांनी जन्मभरात माणसांना किती थापा मारल्या असतील, याचा अंदाज करणं अवघड आहे. झाडाशी मात्र ते एकदाही खोटं बोलले नाहीत. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. आमच्या गावात लहानथोरांना हे ठाऊक होतं. आप्पा ओट्यावर बसून काही सांगू लागले की लोक हसायला तयार होऊन बसत. तेच आप्पा माळावर झाडापुढं उभे राहिले, की लोक कान देऊन ऐकत आणि ऐकलेलं खरं धरून चालत.

आमचं गाव नेकनूरजवळ, एका बरड माळाच्या पायथ्याशी. निजामाचं राज्य होतं. कचेरीचे कागद उर्दूत निघत, घरात आम्ही आमची बोली बोलत असू, आणि आजारी पडलं की बीडच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीनं जाण्याआधी माणूस आप्पांच्या ओट्यावर जात असे. आप्पांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत होती. त्यामुळं त्यांच्याकडं कोण आलं, काय दुखतं म्हणालं आणि त्यावर आप्पांनी कोणती थाप मारली, हे आम्हाला जागचं न हलता कळायचं.

माळावर दुसरं काही धड उगवत नसे, पण आसकंद उगवायचा. ग्रंथात त्याला अश्वगंधा म्हणतात. मांडीपर्यंत येणारं झुडूप, पानांवर राख भुरभुरल्यासारखी लव, आणि थंडीत पातळ पापुद्र्याच्या पिशवीत लपलेली लाल फळं. फळं लाल झाली आणि पानं पिवळी पडू लागली, की आप्पांचा हंगाम सुरू होई. मुळं खणायची, धुवायची, बोटाएवढे तुकडे करायचे, ते फडक्यात बांधून उकळत्या दुधात टांगायचे, मग सावलीत वाळवून उखळात कुटायचे आणि कपड्यातून गाळायचे. राखट पिवळसर पूड व्हायची. ती आप्पा एवढ्याशा चिमटीनं देत. झोप नसलेल्याला म्हशीच्या कोमट दुधातून, वाळलेल्या लेकराला तूपगुळातून, सांधे धरलेल्या म्हाताऱ्याला नुसत्या तुपातून, बाळंतिणीला खिरीतून. मागच्या वर्षीची उरलेली पूड ते उकिरड्यावर टाकत. "जुनी झाली की ती नुसती धूळ हाय," असं म्हणत.

आणि या सगळ्याच्या आधी असायचं आवतण.

मूळ खणायच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या बेताला, आप्पा माळावर जात. एक झाड निवडत. त्याच्या बुडाशी हळदकुंकू, जोंधळ्याचे चार दाणे आणि एक सुपारी ठेवत. ज्याच्यासाठी औषध असेल त्याच्या घरच्या माणसानं कुदळ घेऊन शेजारी उभं राहायचं, कारण दुसऱ्या दिवशी खणायचं त्यानंच. मग आप्पा खणखणीत आवाजात झाडाला आवतण देत.

"आये, उद्या दिस उगवायला तुला न्यायला येतू. राग धरू नगंस. तुजी फळं तुज्याच खड्ड्यात पेरतू."

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढं औषध कोणासाठी, त्याचं वय काय आणि दुखणं काय, हे झाडाला सांगायचं असे. सगळं, आणि खरं. आप्पांचा नियमच होता, की झाडाला खोटं सांगितलं तर मूळ निघतं, पण गुण जमिनीतच राहतो. आणि आवाज असा, की माळाच्या पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्यासुद्धा माना वर करत.

त्या मेंढ्या असत बिरू धनगराच्या. बिरू आप्पांचा जुना सोबती. आवतण ऐकायचं आणि मेंढ्या गावात शिरण्याआधी ते गावात पोचवायचं, हे काम तो बिनबोभाट करी. त्यामुळं आमच्या गावात कुणाचं दुखणं लपून राहिलं नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र आप्पांच्या जिभेला काही धरबंध नव्हता. एकदा कपिलधारच्या धबधब्याजवळ त्यांनी म्हणे एक आसकंद उपटायला घेतला. मूळ काही संपेना. ते ओढत गेले, ओढत गेले, आणि गेवराईच्या पुढं गोदावरीच्या पात्रात पाय भिजले तेव्हा त्यांना कळलं की आपण कुठं आलो.

"मग तितं तोडलंस का बे?" बिरूनं विचारलं.

"तोडू कसं? तिकडनं नदी पल्याडचा एक वैद्य वढत आलता."

वयाची थाप तर त्यांनी उभ्या आयुष्यात सोडली नाही. माझ्या वडिलांना लहानपणी आप्पांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. वडिलांच्या कानशिलावर पांढरे केस आले तरी आप्पा पन्नाशीतच होते. त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्या तशा का होत्या, हे त्यांच्या दिव्याच्या कोनाड्यातल्या बोटांच्या खुणा पाहिलेल्या कुणालाही कळलं असतं. दिव्याची काजळी आणि तीळतेल, दर सकाळी.

आप्पांची आणखी एक खोड होती. औषध देण्याआधी ते ओल्या मुळाचा तुकडा मोडून रोग्याच्या नाकाशी धरत आणि विचारत, "कशाचा वास येतू?" एकदा बीडहून दौऱ्यावर आलेले गिरदावरसाहेब त्यांच्या ओट्यावर आले. महसुलाचा हुद्देदार माणूस, डोळे तांबारलेले, झोप नाही, आणि बरोबरचा चपराशी त्यांच्या सावलीलाही भिणारा. साहेब अदबीचे होते. त्यांनी तुकडा हुंगला आणि म्हणाले, "बहुत खूब. केवडे जैसी खुशबू."

आप्पांनी तुकडा काढून घेतला. "दवा मिळायची न्हाई."

चपराशी दोन पावलं मागं सरकला. साहेबांनी भुवया उंचावल्या. आप्पा म्हणाले, "साहेब, नाकच लबाड बोलाय लागलं तर पोटाचं म्या काय खरं धरावं? पुन्यांदा हुंगा."

साहेबांनी पुन्हा हुंगलं, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सच बोलूं वैद्यजी? घोडे की बू आती."

"आत्ता कसं! आत्ता देतू."

कारण ओल्या आसकंदाला खरोखरच घामेजलेल्या घोड्यासारखा वास येतो. नावच त्यावरून पडलं आहे. आवतणाला चपराशीच कुदळ घेऊन उभा राहिला, आणि मूळ वाळल्यावर आप्पांनी पूड बांधून दिली आणि पथ्य सांगितलं, की औषध चालू असेतो दिवस मावळेपर्यंत कुणावर ओरडायचं नाही. थोड्या दिवसांनी चपराशी एकटाच चालत आला आणि ओट्याखाली उभा राहून त्यानं विचारलं, "आप्पा, ही दवा जन्मभर चालू ठिवली तर काई अपाय हाय का?"

माझंही आवतण आप्पांनी दिलं होतं. त्या हिवाळ्यात मी बी.ए.च्या परीक्षेच्या अभ्यासासाठी गावी आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडिलांनी एक शेत माझ्या शिक्षणासाठी विकलेलं होतं आणि परीक्षा उर्दूतून द्यायची होती. मला झोप लागेना. डोळा लागला की दचकून उठायचो. हे कुणाला कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होतो. वडिलांनी ते ओळखलं आणि मला आप्पांपुढं नेऊन बसवलं. संध्याकाळी वडील कुदळ घेऊन माळावर उभे राहिले आणि आप्पांनी सुरुवात केली.

"आये, गनपतचं पोरगं हाय. बावीस वर्साचं. हैद्राबादेला परीक्षा हाय. बुकं वाचून डोस्क्यात वारं शिरलंय. भितंय. झोपंत वरडतंय. लई भितंय, आये."

पलीकडून बिरूचा आवाज आला, "कावून भितंय? परीक्षा वाघ हाय का?"

दुसऱ्या दिवशी आडावरच्या बायका मला धीर देऊ लागल्या. देवळासमोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हाक मारून गूळ हातावर ठेवला. मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. पण लपवायचं काही उरलंच नाही, तेव्हा काही दिवसांनी झोपही यायला लागली. ती मुळानं आली, दुधानं आली की सगळ्यांना कळल्यानं आली, हे मला आजही सांगता येत नाही. आप्पांनी मला पथ्य दिलं होतं, की रोज संध्याकाळी पुस्तक घरी ठेवून दिवस मावळेपर्यंत माळावर फिरायचं. त्या पथ्यामुळंच पाटलांच्या घरचं आवतण मला डोळ्यांनी पाहायला मिळालं.

पाटील वारलेले होते. घर पाटलीणबाई चालवत. त्यांचा एकुलता एक मुलगा दगडू पहिलवान होता. नेकनूरच्या जत्रेत त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. बोलायला मात्र तो अगदीच कमी. त्याची बायको तुळसा गेवराईकडची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. नवस झाले, उपास झाले, कुणी कुणी सांगितलेले काढे झाले. ते सगळे तुळसाच्याच वाट्याला आले.

एका दुपारी पाटलीणबाई आप्पांच्या ओट्यावर आल्या. मी भिंतीच्या अलीकडं वाचत बसलो होतो.

"आप्पा, ह्यो हिवाळा शेवटचा," त्या म्हणाल्या. "तुळसाला मूळ द्या. गुण आला तर देवच पावला. न्हाई तर आखितीच्या म्हूर्ताला दगडूचं दुसरं लगीन लावती. पोरगी बघून ठिवलीय. हिला गेवराईला धाडून देऊ. आमी काय तिला उपाशी ठिवलं न्हाई, आमचा काई दोस न्हाई."

"दगडूची नाडी बघू द्या की," आप्पा म्हणाले.

"त्याला काय धाड भरलीय? हजार मानसात कुनी त्याची पाठ लावली न्हाई."

"मला पाठ न्हाई बघायची, पाटलीनबाई. नाडी बघायचीय."

त्यावर पाटलीणबाई उठल्या आणि पदर झटकून निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की परवा संध्याकाळी आवतण द्या, मी जातीनं येईन आणि तुळसाचंच नाव घ्या.

दुसऱ्या दिवशी तुळसा स्वतः आली. ताक द्यायचं निमित्त होतं. ताकाचा तांब्या ठेवून ती म्हणाली, "आप्पा, आणिक एक मूळ का? इतकी मुळं खाल्लीत म्या, आता पोटात लेकरू न्हाई, झाडच उगवंल."

आप्पा मोठ्यानं हसले. ती हसली नाही. तिचा आवाज एकदम उतरला. "खरं सांगा, आप्पा. माज्यात काय कमी हाय?"

आता आप्पा काहीतरी थाप मारून तिचं समाधान करतील असं मला वाटलं. आप्पांनी तांब्या बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुज्यात? तुज्यात आवाज कमी हाय, बाई. बाकी काई कमी न्हाई."

ती गेल्यावर आप्पा दगडूच्या तालमीकडं चालत गेले. ते तिथं काय बोलले, हे मला कळलं नाही. नियमाप्रमाणं घरचा माणूस कुदळ घेऊन लागतो, एवढाच निरोप त्यांनी दिल्याचं तालमीतली पोरं सांगत होती.

आवतणाच्या संध्याकाळी मी माळावर फिरत होतो. बिरूच्या मेंढ्या उतारावरून खाली येत होत्या. त्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी दोनतीन धनगर होते, कारण पाटलांच्या घरचं आवतण आहे हे सगळ्यांना कळलेलं होतं. पाटलीणबाई ताट घेऊन आल्या. मागं तुळसा, डोक्यावरून पदर घेतलेली. सगळ्यांच्या मागं दगडू, खांद्यावर कुदळ.

आप्पांनी झाड निवडलं. हळदकुंकू वाहिलं, दाणे ठेवले, सुपारी ठेवली. सरळ उभे राहिले. "आये," म्हणाले, "उद्या दिस उगवायला तुला न्यायला येतू. राग धरू नगंस. तुजी फळं तुज्याच खड्ड्यात पेरतू."

आणि थांबले.

मी आप्पांना कधी मध्येच थांबलेलं पाहिलं नव्हतं. बिरूनं कुत्र्याला गप्प केलं.

"सांगा की," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुळसासाठी म्हना."

"मला म्हनता येत न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमी सांगा. घर तुमचं, दुखनं तुमचं. तुमी सांगितलं तरी चालतंय."

"मला काय भ्या हाय?" पाटलीणबाई पुढं झाल्या. कुंकवाचं बोट झाडाला लावलं. "आये, माज्या सुनंला..." एवढं बोलून त्यांनी झाडाकडं पाहिलं, मग आप्पांकडं पाहिलं. आप्पा दुसरीकडंच बघत होते. पाटलीणबाईंचं बोट झाडावरच राहिलं. वाक्य काही पुढं सरकेना.

तेवढ्यात मागून दगडू आला. त्यानं कुदळ जमिनीवर ठेवली. "आई, सर जरा," म्हणाला. झाडापुढं उभा राहिला आणि तालमीत शड्डू ठोकणारा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा हात जोडून बोलू लागला.

"आये, मूळ माज्यासाठी पायजे. दगडूसाठी. लगनाआधी गालफुगी झालती मला. ती खाली जांघंत उतरलती, तवापास्नं दोस माज्यात हाय. आप्पांनी लेप लावलता. आईला ठावं हाय." त्यानं एक श्वास घेतला. "तुळसाला काई झालेलं न्हाई. तिला लई मुळं चारली आमी."

तुळसानं पदर तोंडाशी धरला होता. पाटलीणबाई ताट तिथंच ठेवून माळ उतरू लागल्या. आप्पांनी उरलेलं आवतण पुरं केलं, आणि तेवढं एकच आवतण त्यांनी इतक्या हळू आवाजात दिलं, की मला शेजारी असून नीट ऐकू आलं नाही. पण दगडूचं सगळं बिरूनं ऐकलेलं होतं.

परतताना आप्पांनी बिरूला वाटेत गाठलं. "बिरू, गावात जाऊन काय सांगनार?"

"ऐकलं ते सांगनार."

"सांग. पन त्याच्या मागनं माजंबी सांग."

आणि त्या रात्रीच्या जेवणाआधी देवळासमोर आप्पांनी त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी थाप मारली. हैदराबादच्या मोठमोठ्या पहिलवानांसाठी, ते म्हणाले, आसकंदाच्या गाड्या भरून जातात. साध्या माणसाला हे मूळ चिमटीनं सोसतं, ओंजळीनं सोसायला अंगात घोडा लागतो. आपल्या गावात असा एकच गडी निघाला. म्हणून तर स्वतः आसकंदानंच दगडूचं नाव काढलं. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"झाड बोल्लं?" कुणीतरी विचारलं.

"बोल्लं म्हंजे? वरडलं!"

ही थाप आहे हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बिरूलाही माहीत होतं. तो चिलीम झटकत म्हणाला, "व्हय, म्याबी ऐकलं." झालं. त्यानंतर दगडूची कुणी चेष्टा केली नाही. उलट दोन दिवसांत तालमीतली सगळी पोरं आप्पांच्या ओट्यावर रांग लावून बसली, की आम्हालाही मूळ पाहिजे. आप्पांनी त्यांना आनंदानं माळावर नेलं आणि एकेकाला झाडापुढं उभं करून विचारलं, "बोल, काय दुखनं सांगू? खरं सांगावं लागतंय." एक जण आडाजवळच्या चिंचेखालून जायला भीत होता. दुसऱ्याचं निराळंच, ते लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्याच्या आधीच अर्धी रांग माळ उतरून गेली होती.

पाटलीणबाई बरेच दिवस आप्पांच्या ओट्यावरून मान न वळवता जात राहिल्या. पण आखिती आली आणि गेली. लग्नाच्या मांडवासाठी आणून ठेवलेले वासे त्यांनी गोठ्याच्या छपराला घातले. दगडू रोज संध्याकाळी दुधातून पूड घेई. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुळसाला मुलगी झाली. आप्पांनी ताबडतोब जाहीर केलं की त्यांनी हे दिवस, वार आणि नक्षत्रासकट आधीच सांगितलं होतं. मी वैद्य नाही. ते मुळानं झालं की व्हायचंच होतं, याबद्दल मी काही ठामपणे म्हणू शकत नाही. पण मुलगी नसती झाली तरी तुळसा गेवराईला परत गेली नसती, एवढं मी खात्रीनं सांगतो. ते माळावरच ठरलं होतं.

मी परीक्षा पास झालो. गावातला पहिला पदवीधर म्हणून लोकांनी मला गाडीत बसवून मिरवलं. पुढं औरंगाबादेत शाळेत नोकरी लागली. आप्पांनी गावात सांगितलं, की मला दरबारात खुर्ची मिळाली आहे आणि निजाम सरकार माझ्याशी बोलल्याखेरीज जेवत नाहीत. सुट्टीत गावी गेलो की म्हातारी माणसं मला त्याबद्दल गंभीरपणे विचारत. मी आप्पांकडं बघे. आप्पा मिशीवर हात फिरवत. मी "व्हय" म्हणे. त्यांनी माझी भीती साऱ्या गावाला ऐकवली होती आणि मला झोप दिली होती. त्यांच्यासाठी एवढी थाप मारणं मला जड गेलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तो हिवाळाच होता. मी दोन दिवसांसाठी गावी आलो होतो. तोवर मुळं कुटण्याचं काम तुळसा करू लागली होती, आणि कुठलं झाड खणायचं, कुठलं आणखी एक वर्ष राहू द्यायचं, हेही तिला कळायला लागलं होतं. आप्पांचे गुडघे सुजले होते. त्यांना ओट्यावरून उतरता येत नव्हतं. गावभर आसकंद वाटणारा माणूस स्वतः मात्र चिमूटभरही घेत नव्हता. घ्यायचा तर आवतण द्यावं लागलं असतं. आवतण द्यायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

"पन्नाशीत गुडघं जात्यात व्हय?" ते म्हणत. "पाय मुरगाळलाय जरा. बसंल."

"दोन हिवाळं झालं मुरगाळून," तुळसा म्हणाली. "आज आवतण हाय. उठा."

"घरचा मानूस लागतू कुदळीला. मला कोन हाय?"

दगडू दारात कुदळ घेऊन उभाच होता. त्यानं कुदळ तुळसाच्या हाती दिली, आप्पांपुढं पाठ करून बसला आणि म्हणाला, "चढा." ज्या पाठीला कधी माती लागली नव्हती, तिच्यावर बसून आप्पा माळावर गेले. वाटभर ते त्याला उजवीकडं वळ, डावीकडं वळ असं सांगत होते. बिरूही आता काठी टेकत चालायचा, पण आवतण आहे म्हटल्यावर मेंढ्या घेऊन वेळेवर हजर झाला.

तुळसानं हळदकुंकू वाहिलं. दाणे, सुपारी. मग तिनं पदर खोचला.

"हळू सांग गं," दगडूच्या पाठीवरून आप्पा म्हणाले. "झाडाला नीट ऐकू येतंय."

"तुमीच म्हनला व्हता, तुज्यात आवाज कमी हाय म्हनून." आणि तिनं असा आवाज लावला, की उतारावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. "आये! उद्या दिस उगवायला तुला न्यायला येती! राग धरू नगंस! तुजी फळं तुज्याच खड्ड्यात पेरती! मूळ आंबादास आप्पासाठी पायजे! गुडघं धरल्यात! रातच्याला कन्हत्यात आन दिवसा कुनाला सांगत न्हाईत! वय..."

"पन्नास!" आप्पा ओरडले.

"थापाड्या!" पलीकडून बिरू ओरडला.

"वय पंच्याहत्तर!" तुळसा म्हणाली. समोरच्या उतारावरून ते पंच्याहत्तर परत आलं. आप्पांनी उपरण्यात तोंड लपवलं.

"बरं, झालं ते झालं," उपरण्यातून आवाज आला. "मिशीचं तरी सांगू नगंस, माज्या बाई."

तुळसानं क्षणभर विचार केला. मग पुन्हा झाडाकडं वळली. "आन मिशी काळी हाय ती काजळीनं!"

धनगर इतके हसले की मेंढ्या पांगल्या. आप्पा उपरण्याच्या आत गदगदून हसत होते, आणि त्यांचा तोल जाऊ नये म्हणून दगडूला त्यांचे दोन्ही पाय घट्ट धरावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला औरंगाबादची मोटार गाठायची होती. फाट्याकडं जाणारी पायवाट माळाच्या कडेनं जाते. दगडूचं खणून झालं होतं. तुळसा मुळांची माती झाडत होती. आप्पा खड्ड्याच्या काठावर पाय पसरून बसले होते आणि पिकली लाल फळं दोन्ही हातांनी चुरडून खड्ड्यात टाकत होते. कोवळं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. त्या दिवशी सकाळी ते दिव्याच्या कोनाड्याकडं गेलेले नव्हते. मिशी पांढरीशुभ्र होती.

मी हात वर केला. त्यांनी मला पाहिलं, चटकन मिशीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

"मास्तर!" ते ओरडले. "औरंगाबादेत कुनी इचारलं तर सांगा, आप्पाची मिशी पन्नाशीतच पिकली म्हनावं!"